गाणं कुठे ठेवायचं, कसं बसवायचं: हिंदी सिनेमा करू पाहणाऱ्यांसाठी

हिंदी पटकथेतली सगळ्यात आळशी ओळ म्हणजे 'यहाँ गाना'. पानाच्या मधोमध तेवढं लिहून लेखक पुढच्या सीनला निघून जातो. दिग्दर्शक ते कोरिओग्राफरवर सोपवतो, कोरिओग्राफर लोकेशन मागतो, आणि शेवटी पडद्यावर चार मिनिटं अशी येतात की प्रेक्षक खिशातून मोबाईल काढतो. चाल चांगली असते, गायक चांगला असतो. ते गाणं तिथे कशासाठी आहे, हे मात्र कुणीच ठरवलेलं नसतं.

ज्यांच्या हातात पटकथा आहे आणि तिच्यात गाणी बसवायची आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पहिली फीचर असो, वीस मिनिटांची शॉर्ट फिल्म असो, क्रम तोच. माझं मत आधीच सांगून टाकतो. लोक गाणं लक्षात ठेवतात ते मुखड्यामुळे, पण सिनेमात ते उभं राहतं दोन सांध्यांवर: सीनमधून गाण्यात शिरतानाचा आणि गाण्यातून सीनमध्ये परततानाचा. हे सांधे पटकथेतच ठरतात. शूटिंगच्या दिवशी ते सुचत नाहीत.

पहिली पायरी: पटकथेवर चार प्रश्न

जिथे जिथे गाणं योजलं आहे तिथे समासात चार उत्तरं लिहा. गातं कोण? ऐकतं कोण? गाणं संपल्यावर कोणती गोष्ट बदललेली असते? आणि हे गाणं काढून टाकलं तर पुढचा कुठला सीन कळेनासा होईल?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांकडे असतं. दुसऱ्याचं बहुतेकांकडे नसतं, आणि खरी गंमत तिथेच असते. 'प्यासा'मधलं (१९५७) हेमंतकुमारांच्या आवाजातलं 'जाने वो कैसे लोग थे' आठवा. घोषबाबूंच्या घरी शायरांची मैफल जमली आहे आणि विजय तिथे पाहुण्यांच्या सरबराईला आहे. तो पुस्तकांच्या कपाटाला टेकून आधी स्वतःशीच पुटपुटावं तसं सुरू करतो. गाण्यात नाच नाही, लोकेशन नाही, एक खोली आहे. पण त्या खोलीत मीना आहे, म्हणजे त्याचं जुनं प्रेम, आणि तिचा नवरा, म्हणजे हेच घोषबाबू, आहे. गुरुदत्त गाणाऱ्यावर जितका थांबतो तितकाच ऐकणाऱ्यांवर थांबतो. विजय कवितेच्या ओळी म्हणतोय, मीना त्या स्वतःबद्दल ऐकतेय आणि नवरा मीनाकडे पाहतोय. संवादांनी तीन सीन लागले असते ते काम इथे एका गाण्यात उरकलं आहे.

हलक्याफुलक्या गाण्यातही हेच चालतं. 'काला बाज़ार'मध्ये (१९६०) रेल्वेच्या डब्यात देव आनंद 'अपनी तो हर आह इक तूफ़ान है' गातो. शैलेंद्रच्या ओळीत 'ऊपर वाला' येतो. डब्यातल्या मोठ्या माणसांना ते देवाचं गाणं वाटतं आणि वरच्या बर्थवर पडलेल्या वहिदा रेहमानला नेमकं कळतं की वरचा कोण. एकाच ओळीचे दोन श्रोते, दोन अर्थ. विजय आनंदने बर्थ वर आणि खाली असण्याचाच वापर करून अख्खं गाणं एका डब्यात बसवलं. तुमच्याकडे पैसे कमी असतील तर हे गाणं दहा वेळा बघा.

तिसऱ्या प्रश्नाला 'त्यांचं प्रेम वाढतं' हे उत्तर चालणार नाही. प्रेम वाढलेलं पडद्यावर कशात दिसतं ते लिहा: ती त्याला 'आप'ऐवजी 'तुम' म्हणू लागते, त्याच्या घराची किल्ली तिच्याकडे येते, ती घरी खोटं बोलते. 'लगान'मधलं (२००१) 'घनन घनन' घ्या. ढग येतात, गाव नाचतं, त्या नाचण्यातून आपल्याला अख्ख्या गावाची ओळख होते, आणि मग ढग न बरसताच निघून जातात. पाऊस पडलेला नाही, म्हणून लगान माफ करून घ्यायला राजाकडे जायला हवं. गाणं आशेवर सुरू होऊन निराशेवर संपलं, त्यातूनच पुढचा सीन निघाला. हे गाणं काढलं तर पुढची गोष्ट लंगडी होईल.

चारही प्रश्नांची उत्तरं मिळाली नाहीत तर गाणं खुशाल काढा. बी. आर. चोप्रांनी १९६०मध्ये 'क़ानून' आणि यश चोप्रांनी १९६९मध्ये 'इत्तेफ़ाक़' एकही गाणं न घेता केले, तेही हिंदीत गाण्याशिवाय सिनेमा विकणं आजच्यापेक्षा कितीतरी अवघड होतं त्या काळात.

दुसरी पायरी: आवाज येतो कुठून?

पात्र ओठ हलवून गाणार, की गाणं पार्श्वभूमीवर वाजणार, की रेडिओ, स्टेज, मैफल अशा एखाद्या दिसणाऱ्या जागेतून येणार? हे दिग्दर्शकाने ठरवायचं असतं आणि पहिल्या गाण्याआधी ठरवायचं असतं, कारण पहिलं गाणं अख्ख्या सिनेमाचे नियम सांगून टाकतं. पहिल्या गाण्यात नायक भर रस्त्यात वाद्यवृंदासह गायला तर प्रेक्षक पुढेही ते मान्य करतो. तासभर कोरडा वास्तववाद दाखवून मग अचानक तो गाऊ लागला तर थिएटरात हशा होतो.

जागेतून येणारं गाणं सगळ्यात सुरक्षित. शांतारामबापूंनी १९३७मध्ये प्रभातसाठी 'कुंकू' आणि त्याची हिंदी आवृत्ती 'दुनिया ना माने' केली, तेव्हा पार्श्वसंगीत पूर्ण बाजूला ठेवलं होतं. घरातले आणि रस्त्यावरचे आवाज तेवढे ऐकू येतात. अशा सिनेमात केशवराव भोळ्यांची गाणी आली तरी खटकत नाहीत, कारण आपण घरातलेच आवाज ऐकत असतो.

पार्श्वभूमीवरचं गाणं सोपं वाटतं, पण त्यात एक निर्णय दडलेला असतो: हा आवाज कुणाच्या मनाचा? 'रजनीगंधा'मध्ये (१९७४) दीपा मुंबईत टॅक्सीतून नवीनबरोबर चालली आहे. दिल्लीत तिचं संजयशी ठरल्यात जमा आहे आणि नवीन हा जुना मित्र आहे. तेव्हा 'कई बार यूँ भी देखा है' सुरू होतं. मन बाईचं, शब्द योगेशचे, चाल सलील चौधरींची आणि आवाज मुकेशचा. नियमाप्रमाणे बाईचा आवाज हवा होता, आणि तो आला असता तर गाणं दीपाची कबुली झालं असतं. मुकेशच्या आवाजामुळे ते तिच्याबद्दलचं, जरा दुरून केलेलं निरीक्षण होतं, आणि तिचा गोंधळ तिच्या चेहऱ्यावर उरतो. मुकेशना याच गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बासू चटर्जींनी यासाठी एक टॅक्सी, दोन नट आणि मुंबईचे रस्ते एवढंच वापरलं.

स्वप्नगीत हा चौथा प्रकार. राज कपूरने 'आवारा'त (१९५१) तो इतका मोठा करून ठेवला आहे की नंतरची बरीचशी स्वप्नगीतं त्याची उधारी फेडताना दिसतात. आज स्वप्न घ्यायचं असेल तर एकच अट पाळा: पात्र जागेपणी जे मान्य करत नाही तेच स्वप्नात दिसलं पाहिजे. स्वित्झर्लंड हे कारण होऊ शकत नाही.

तिसरी पायरी: सिनेमाच्या लांबीत गाण्याची जागा

सगळे सीन कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहा, गाण्यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या रंगाच्या करा, आणि जमिनीवर मांडा. दोन गाणी फार जवळ आली, किंवा सलग दोन गाण्यांचा वेग सारखाच असला, तर ते इथेच दिसतं.

जवळ आणलेली गाणी मुद्दाम केलेली असतील तर गोष्ट वेगळी. 'गाइड'मध्ये (१९६५) 'मोसे छल किए जाय' आणि 'क्या से क्या हो गया' लागोपाठ येतात. रोझी स्टेजवरून आरोप करते, राजू पडद्याआडून उत्तर देतो. नवरा-बायकोसारखं राहिलेलं जोडपं आता एकमेकांशी बोलतसुद्धा नाही, ते सचिनदेव बर्मनच्या चालींतून भांडतं, आणि ते प्रेक्षागृहातल्या लोकांना कळतही नाही. दोन गाणी एकत्र ठेवायची तर अशी.

मध्यंतरानंतर लगेच गाणं ठेवायची जुनी रीत आहे, कारण लोक समोसे घेऊन अजून आत येत असतात. मला ती आवडत नाही. ज्या गाण्यातून काही बदलतं ते लोकांच्या पायांवरून जाणाऱ्यांच्या गर्दीत वाया जातं. तिथे ठेवायचंच असेल तर काळ पुढे सरकवणारं मोंताज, म्हणजे छोट्या छोट्या दृश्यांची मालिका, ठेवा. शेवटच्या अर्ध्या तासात तर गाण्याची जागा अगदी अरुंद होते. 'लगान'मधलं 'ओ पालनहारे' तिथे चालतं कारण सामन्याचा शेवटचा दिवस उजाडायचा आहे, करण्यासारखं काही उरलेलं नाही आणि गावाकडे प्रार्थनेशिवाय दुसरं काही नाही. ताण त्या गाण्याने वाढतो.

चौथी पायरी: संगीतकाराबरोबरचं सिटिंग

इथे बहुतेक नवे दिग्दर्शक एखादं जुनं गाणं वाजवून 'असं काहीतरी' म्हणतात. मग मिळतंही तसंच काहीतरी. संगीतकाराला सीन सांगा, अभिनय करून सांगा. गाण्याआधीचं शेवटचं वाक्य कुठलं आणि गाण्यानंतरचं पहिलं वाक्य कुठलं, ही दोन वाक्यं कागदावर लिहून द्या. त्या दोन वाक्यांमधलं अंतर गाण्याने कापायचं आहे.

चाल आधी होते की शब्द आधी, यावर खूप वाद घालतात. हिंदीत बहुधा चाल आधी होते आणि गीतकार डमी, म्हणजे तात्पुरत्या निरर्थक, बोलांवर मीटर पकडून लिहितो. पण 'इजाज़त'मधलं (१९८७) 'मेरा कुछ सामान' ही मुक्तछंदातली चिठ्ठी आहे आणि राहुलदेव बर्मनने ती तशीच स्वरात घेतली. सीनची गरज चिठ्ठीची होती, म्हणून यमक सोडलं गेलं. तुमच्या सीनची गरज काय ते आधी ठरवा.

रचनेबद्दलही इथेच बोलायचं. प्रत्येक गाणं सुरावट (सुरुवातीचा वाद्यांचा तुकडा), मुखडा, अंतरा याच क्रमाने जायला हवं असं नाही. 'गाइड'मधलं 'आज फिर जीने की तमन्ना है' मुखड्याने सुरूच होत नाही. आधी 'काँटों से खींच के' ही अंतऱ्याची ओळ येते. रोझी नुकतीच एका गुदमरवणाऱ्या लग्नातून बाहेर पडते आहे. ती काट्यांतून पदर सोडवून घेते, आणि मग जगायची इच्छा येते. मुखडा आधी आला असता तर परिणाम कारणाच्या आधी आला असता.

संवाद गाण्यात हवे असतील तर तेही आत्ताच सांगा. 'आँधी'मध्ये (१९७५) 'तेरे बिना ज़िंदगी से'च्या अंतऱ्यांमध्ये संजीवकुमार आणि सुचित्रा सेन साधं बोलतात, फुलांच्या वेलींबद्दल, चंद्राबद्दल. तेवढ्या वेळात संगीत मागे सरकतं. गुलज़ारनी नंतर कात्री चालवून हे केलेलं नाही, ते रचनेतच आहे. तुम्ही इंटरल्यूडमध्ये, म्हणजे मुखडा-अंतऱ्यांच्या मधल्या वाद्यांच्या तुकड्यात, भरगच्च व्हायोलिन रेकॉर्ड करून बसलात तर संवाद त्यात बुडतात.

लांबीचंही बोला. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटं मावत, म्हणून जुन्या सिनेमात रेकॉर्डवर नसलेला एखादा अंतरा सापडतो. आज उलट आहे: ऑनलाइन ऐकायला चार मिनिटांचं गाणं असतं आणि सिनेमात सव्वादोन मिनिटंच जातात. कुठलं काय राहणार ते सिटिंगला ठरलं तर एडिटिंगला अंतऱ्याचा गळा चिरावा लागत नाही.

पाचवी पायरी: गाण्याचा तक्ता

रेकॉर्ड झालेलं गाणं हेडफोनवर ऐकत सेकंदांसह कागदावर उतरवा. एक कल्पित प्रसंग घेऊ. भोपाळमधल्या एका सरकारी क्वार्टरमध्ये राहणारं कुटुंब. वडील निवृत्त होतायत, घर सोडायचंय. गाणं ३ मिनिटं ४० सेकंदांचं. तक्ता असा होईल:

०:०० ते ०:२५. वाद्यं नाहीत. चिकटपट्टी फाडल्याचा, खोकी ओढल्याचा आवाज. त्यावर आईचं गुणगुणणं.

०:२५ ते ०:५५. मुखडा. आई ट्रंक आवरतेय. ओठ फक्त इथेच हलतात.

०:५५ ते १:२०. पहिलं इंटरल्यूड. भिंतीवरचे फोटो उतरतात, मागे फिकट चौकोन उरतात.

१:२० ते २:००. पहिला अंतरा, आता आवाज पार्श्वभूमीवर. वडील ऑफिसात चार्ज सोपवतात: चाव्या, शिक्का, रजिस्टर. मग पुन्हा मुखड्याची एक ओळ.

२:०० ते २:३०. दुसरं इंटरल्यूड, संगीत अगदी मागे. मुलगा बहिणीला सांगतो की नव्या घरी तो राहायला येणार नाही. आई दारात उभी आहे.

२:३० ते ३:१०. दुसरा अंतरा. कुणी गात नाही. आई आत येऊन काहीच ऐकलं नाही अशा आवाजात जेवायला हाक मारते.

३:१० ते ३:४०. मुखडा परत. टेम्पो भरतो. आई अर्धी ओळ गुणगुणते आणि थांबते. उरलेली ओळ फक्त वाद्यांवर.

गोष्ट कुठे वळली बघा: इंटरल्यूडमध्ये, जिथे शब्द नाहीत. शब्द चालू असताना मोठी बातमी दिली तर प्रेक्षक दोन्हीपैकी एकच ऐकतो. आणि मुखडा जितक्या वेळा परत येतो तितक्या वेळा त्याच्याखालचं चित्र बदललेलं हवं. पहिल्यांदा आईला घर सोडायचं दुःख होतं, शेवटी मुलगा सुटल्याचं आहे. शब्द तेच. हिंदी गाण्यात पुनरावृत्ती आपोआप मिळते, पण ती फुकट दवडणारे फार.

सहावी पायरी: सांधे

आता मुख्य गोष्ट. बोलणारं माणूस गायला लागतं तो क्षण प्रेक्षकाला धक्का न देता कसा पार करायचा?

गुरुदत्तचा मार्ग म्हणजे सुरावट गाळणे. संवादाच्या शेवटच्या शब्दावरून सरळ गाण्याचा पहिला शब्द उचलायचा. बोलण्याची लय आणि मुखड्याची लय जवळची असेल तर कळतही नाही की गाणं लागलं. यासाठी नटाने आधीचं वाक्य गाण्याच्या वेगात म्हणायला हवं, म्हणून त्या सीनच्या वेळीही सेटवर गाण्याचा ठेका हलका ऐकवून मग बंद करा.

दुसरा मार्ग म्हणजे सीनमधल्या एखाद्या आवाजावरून ठेका घेणे: रेल्वेचं खडखडणं, घोड्याच्या टापा, शिवणयंत्र. तिसरा मार्ग शरीराच्या हालचालीचा. पात्र चालायला लागलं, जिना उतरायला लागलं, की त्या हालचालीवर गाणं बसतं. 'तेरे घर के सामने'मध्ये (१९६३) 'दिल का भँवर करे पुकार' ही कुतुबमिनारच्या जिन्यावरून उतरणाऱ्या दोघांची कथा आहे. मिनारातला खरा जिना अरुंद, म्हणून तो सेटवर उभारला. उतरायचं तर आहेच, त्यामुळे नट कुठून कुठे जाणार हा प्रश्न उरतच नाही, आणि गाणं कधी संपणार हेही जिनाच ठरवतो.

चौथा मार्ग म्हणजे अडथळा. 'स्वदेस'मध्ये (२००४) गावात पडद्यावर सिनेमा चालू आहे. पडद्याच्या एका बाजूला वरच्या जातीचे बसलेत, दुसऱ्या बाजूला खालच्या. वीज जाते. अंधारात आता काय, म्हणून मोहन पोरांना तारे दाखवू लागतो आणि 'ये तारा वो तारा' सुरू होतं. कारण रोजच्या जगण्यातलं आहे, लोडशेडिंगचं. शेवटी तो मधला पडदाच बाजूला होतो. आशुतोष गोवारीकरांनी या सिनेमाचं गाव बरंचसं वाईजवळच्या मेणवलीत उभं केलं. तिथे गेलात तर घाट बघाच, पण गाण्यासाठी लक्षात घ्या की पडदा ही वस्तू आधीपासून सीनमध्ये होती. गाण्याने ती फक्त वापरली.

परतीच्या सांध्याकडे लोक बघतच नाहीत. गाणं संपलं, कट, दुसरा दिवस: हे नव्वद टक्के सिनेमांत चालतं, आणि म्हणून गाणं वेगळं पडतं. त्याऐवजी गाण्याचा शेवटचा शॉट आणि पुढच्या सीनचा पहिला शॉट एकाच जागी ठेवून बघा. संगीत थांबतं, माणसं तिथेच आहेत, श्वास लागलेला आहे, आणि आता बोलायलाच हवं. तो अवघडलेपणा सोन्यासारखा असतो. किंवा गाणं पूर्णच होऊ देऊ नका. शेवटच्या ओळीवर फोन वाजू द्या.

सातवी पायरी: जागा, उजेड, नाच

लोकेशन निवडताना गाणं मोबाईलवर लावून त्या जागी चाला. मुखडा संपेपर्यंत तुम्ही कुठे पोचता? नट तिथेच पोचणार. 'दिल से'मधलं (१९९८) 'छैय्या छैय्या' निलगिरीच्या डोंगरी रेल्वेच्या टपावर आहे. गाडी जाईल तसं मागचं दृश्य आपोआप बदलतं आणि कॅमेऱ्याला जागा बदलायचं निमित्त शोधावं लागत नाही.

खर्च नसेल तर हवामान वापरा. बासू चटर्जींनी 'मंज़िल'मध्ये (१९७९) 'रिमझिम गिरे सावन' दोनदा घेतलं. किशोरकुमारांच्या आवाजात ते मैफलीत आहे, अमिताभ ओठ हलवतो. लताबाईंच्या आवाजात ते मुंबईच्या खऱ्या पावसात आहे. मरीन ड्राइव्ह, ओव्हल, भिजलेला सूट, भिजलेली साडी, ओठ कुणाचेच हलत नाहीत. पाण्याचे टँकर आणून केलेल्या पावसात थेंब जाड आणि एका सरळ रेषेत पडतात, आकाश कोरडं दिसतं. खऱ्या पावसात उजेडच करडा असतो. लिप-सिंक नाही म्हणजे स्पीकर नको, गर्दी आवरायला नको, छोटं युनिट पुरतं. मुंबई ठाऊक असलेल्या माणसाला त्यातला प्रत्येक कोपरा ओळखू येतो, आणि गाणं चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी जूनमध्ये दरवर्षी परत फिरतं त्याचं तेही कारण असावं.

स्टुडिओत उलट आहे, उजेड हाच मजकूर. 'काग़ज़ के फूल'मध्ये (१९५९) 'वक़्त ने किया' होतं तेव्हा रिकाम्या स्टुडिओत व्ही. के. मूर्तींनी आरशांनी आत वळवलेल्या उन्हाचा एक झोत आहे आणि दोन माणसं जवळजवळ स्तब्ध उभी आहेत. त्यांच्या छाया तेवढ्या शरीरातून निघून एकमेकांकडे जातात. गीता दत्तचा आवाज पार्श्वभूमीवर आहे. हालचाल कमी असेल तर उजेडाला काम द्यायचं, हे त्यावरून शिकावं.

नाचाबद्दल थोडक्यात. मास्टरजींना, म्हणजे कोरिओग्राफरला, स्टेप्स सांगू नका, पात्राची अवस्था सांगा. ती नाचायला शिकलेली आहे का? लाजते का? बघणारे कोण? बाकी आठ मात्रांचा हिशेब ते तुमच्यापेक्षा बरा जाणतात.

आठवी पायरी: सेटवर

पार्श्वगायनाची रीत १९३५च्या 'धूप छाँव'पासून रूढ झाली. त्याआधी नट स्वतः गात आणि वादक झाडाआड लपत. आता वादक लपत नाहीत, पण तांत्रिक भानगडी आहेतच.

गाणं पूर्ण मिक्स झाल्याशिवाय शूट करू नका. निदान वेग आणि लांबी पक्की हवी. नंतर एक ओळ जरी बदलली तरी ओठ जुळत नाहीत. गाण्याचे तुकडे वेगळे करून ठेवा, प्रत्येक तुकड्याआधी तीन-चार बीप, म्हणजे नटाला उडी मारता येते. क्लॅपवर टाइमकोड घ्या.

स्पीकर नटाजवळ ठेवा. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, आणि सेकंदाला २४ फ्रेम म्हणजे १४ मीटरला एक फ्रेम. नट स्पीकरपासून साठ मीटरवर असेल तर त्याचे ओठ चार फ्रेम मागे पडतात. मोठ्या मैदानात, किल्ल्यावर हेच होतं आणि एडिटर बिचारा नटाला दोष देतो. लांबच्या शॉटला छोटा स्पीकर नटाच्या पायाशी लपवा किंवा कानात इअरपीस द्या.

नटाला खरोखर मोठ्याने गायला लावा. नुसते ओठ हलवले तर गळ्याच्या शिरा हलत नाहीत, श्वास योग्य जागी घेतला जात नाही आणि क्लोजअपमध्ये खोटेपणा उघडा पडतो. एक सहायक फक्त शब्दांचा कागद घेऊन मॉनिटरसमोर बसवा. त्याला दुसरं काम देऊ नका.

स्लो मोशन हवं असेल तर हिशेब सोपा आहे. ४८ फ्रेमने शूट केलं तर सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं. नट चिपमंकच्या आवाजावर ओठ हलवतो, आणि २४ फ्रेमने दाखवलं की शरीर संथ आणि ओठ बरोबर. 'जो जीता वही सिकंदर'मधलं (१९९२) 'पहला नशा' फराह खानने असंच तरंगतं केलं. दुप्पट वेगाने भाव देणं कठीण, त्यामुळे नटाला आदल्या दिवशी तालीम द्या.

शॉट किती घ्यायचे? आधी पूर्ण गाण्याचा, किंवा पूर्ण अंतऱ्याचा, एक लांब मास्टर, म्हणजे सगळं एकत्र दिसेल असा अखंड शॉट. विजय आनंदने 'गाइड'मधलं 'तेरे मेरे सपने' मोजक्या लांब शॉट्समध्ये केलं. दोघं एकमेकांपासून दूर जातात, परत येतात, कॅमेरा त्यांच्याबरोबर राहतो, आणि कट नसल्यामुळे ते जवळ येणं आपल्याला खरं वाटतं. मग क्लोजअप, मग ऐकणाऱ्यांचे शॉट्स. हे शेवटचे विसरू नका. दिवस मावळायला लागला की युनिट ऐकणाऱ्यांनाच आधी कापतं.

नववी पायरी: एडिटिंग

पहिला कट आवाज बंद करून बघा. काय चाललंय ते कळतंय का? कळत नसेल तर तुमच्याकडे सुंदर चित्रं आहेत, गाणं नाही. मग उलट करा: गाणं काढून आधीचा सीन पुढच्या सीनला जोडा आणि दोन माणसांना दाखवा. ते काही विचारत नसतील, तर पहिल्या पायरीतल्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला मिळालं.

प्रत्येक ठेक्यावर कट मारायचा मोह आवरा. ठेका कानाला आधीच ऐकू येतोय. अर्थ बदलतो तिथे कट मारा, म्हणजे एखाद्या शब्दावर कुणाची तरी नजर वळते तिथे. यूट्यूबसाठी वेगळा, झटपट कट करून द्या. संगीत कंपनीला तो हवाच असतो. सिनेमातला कट त्याच्यापासून राखून ठेवा.

शेवटचं काम मिक्सिंगचं, आणि ते घाईत होतं. गाणं लागलं की बरेच साउंडवाले बाकी सगळं शून्यावर आणतात, त्यामुळे पात्रं अचानक हवाबंद खोलीत गेल्यासारखी वाटतात. पावलं, बांगड्या, रस्त्याचा गलबला, पाऊस, हे गाण्याखाली हलकं चालू ठेवा. सुरुवातीच्या दहा-पंधरा सेकंदांत ते हळूहळू कमी करा, इंटरल्यूडमध्ये थोडं वर आणा. आणि शेवटचा स्वर विरायच्या आधीच पुढच्या सीनचा आवाज आत येऊ द्या.